पाटावरून उचललेली पाटी

“कोण गेलं हो तुमच्यात?”

शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खोटेपणा नव्हता, हे आधी सांगते. चेहरा खरंच पडला होता त्यांचा. घरात मयत झालीय आणि तरी बिचारी पोरीसाठी आलीय, असं काहीतरी त्यांना वाटलं असणार.

मी म्हटलं, “कुणी न्हाय गेलं. चांगला दिस हाय म्हणून नेसले.”

पांढरी साडी. माझ्याकडची सगळ्यात चांगली. बारीक जरीची किनार. बारशाला, लग्नाला, विहारात वंदनेला मी हीच काढते. आम्ही बौद्ध. आमच्यात शुभकार्याला पांढरं नेसतात. आदल्या दिवशी तांब्यात निखारे भरून मी तिच्यावर इस्त्री फिरवली होती आणि एक चुणी राहू दिली नव्हती.

बाईंना उमगायला जरा वेळ लागला. त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं. कपाळ मोकळं. मग शेजारी उभ्या माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. तो तर धडधाकट, नवा बुशशर्ट घालून हसतोय. मग परत माझ्याकडं. आणि खांद्यावरचा हात निघाला. झटकला नाही हो. हळूच काढून घेतला, गर्दीत चुकून दुसऱ्याच्या पिशवीवर पडलेला हात माणूस काढून घेतो तसा.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्यांच्यातले का.”

तो प्रश्न नव्हता.

ही गोष्ट बारामतीतल्या एका इंग्रजी शाळेच्या पटांगणातली. शाळेचं नाव सांगत नाही. तसल्या शाळा तेव्हा नव्याच निघत होत्या आणि ज्याच्या उसाला पाणी होतं त्याचं पोर टाय लावून तिथं जायला लागलं होतं. आमच्या कन्हेरीतून सकाळी एक जीप भरून जायची. जीपच्या मागच्या फाळक्यावर पाय टेकवून पोरं इंग्रजी कविता म्हणायची आणि अख्खी आळी कौतुकानं ऐकत उभी राहायची. माझी सुजाता पण उभी राहायची. आठवड्याभरात तिला त्या सगळ्या कविता पाठ झाल्या, अर्थ एकीचाही न कळता.

पोरगी हुशार होती. आई आहे म्हणून नाही सांगत. तिचा बाप वीज मंडळात वायरमन, त्यामुळं तिला खांबांवरच्या पाट्यांचं वेड. कवटीच्या चित्राखाली लिहिलेलं ‘धोका’, हा तिनं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द. कुणी शिकवला नव्हता. माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून दोऱ्याच्या रिळांवरची अक्षरं लावता लावता तिला वाचता यायला लागलं होतं. शाळेत जायच्या आधीच.

नवऱ्यानं तेव्हाच ठरवलं होतं. इंग्रजी शाळा. दुसरं बोलणंच नाही. आमचं आडनाव असं आहे की पंचक्रोशीत पाटलांचंही तेच आहे. मुलाखतीला तो एकटाच पोरीला घेऊन गेला. तिथं कुणी काही विचारलं नाही आणि ह्यानं काही सांगितलं नाही. पोरीनं मात्र विचारलेली अक्षरं, कविता सगळं म्हणून दाखवलं, आणि न विचारलेलंही म्हणून दाखवलं. शाळेनं निरोप धाडला, पाटीपूजनाला तुमची मुलगी बसणार. नवी पाटी घेऊन या आणि तिच्या आईला आणा.

त्या शाळेची पद्धत होती तशी. शाळा इंग्रजी, पण वर्षाची सुरुवात पाटीपूजनानं. नव्या पोरांत जे सगळ्यांत हुशार, त्याला आईसकट पाटावर बसवायचं. पुढं पाटी ठेवायची, तिला हळदकुंकू, फुलं वाहायची. मग संस्थेच्या अध्यक्षांची बायको पोराचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेणार. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणायचे.

पूजाबिजा आमच्या घरात नाही. माझ्या सासूबाईंनी धर्मांतराच्या वेळी देव्हारा उचलून नदीला दिला, तो दिलाच. नवरा म्हणाला, “हात जोडू नगं. नुसती बस. पोरीच्या शिक्षणासाठी बस.” मी विचार केला, पाटी काही देव नाही. पाटीपुढं बसायला मला कसली लाज? जन्मभर पाटीसाठीच तर भांडलो आपण. म्हणून मी माझी सगळ्यात चांगली साडी नेसले.

त्यांच्यात पांढरं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. शिवणकाम करणारी बाई मी, गावातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज माझ्या हाताखालून जातात. कोण कशाला काय नेसतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्या सकाळी ते डोक्यात आलंच नाही. सणाच्या दिवशी पुरण शिजवताना शेजारच्या घरी काय शिजतंय असं कुणी विचारतं का? आनंदात होते मी. बस.

मोठ्या बाई वहिनीसाहेबांकडं गेल्या आणि कानाशी लागल्या. वहिनीसाहेबांनी मान वळवून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“पाटावर पांढरं नको,” त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही. बाईंशी. मी हाताच्या अंतरावर उभी. “वर्षाच्या पहिल्याच दिवशी अपशकुन नको पोरांना.”

बाई शहाण्या होत्या. त्यांनी लगेच तोडगा काढला. शिपाई मावशींना आत पाठवलं. मावशी एक हिरवी साडी घेऊन आल्या. गॅदरिंगच्या पेटीतली. कोळीनृत्याची असावी, कारण निऱ्या टाके घालून आधीच शिवलेल्या होत्या. डांबरगोळ्यांचा वास येत होता आणि खांद्यापाशी कुणाच्या तरी तोंडाची पावडर लागलेली होती.

“ही नुसती वरून गुंडाळा,” बाई म्हणाल्या. “आणि एक टिकली लावा. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. मुलीला पहिलं बसायचा मान मिळालाय, तुमच्यामुळं तिचं का नुकसान?”

तुमच्यामुळं.

साडी माझ्या हातात होती. पलीकडून नवरा डोळ्यांनी सांगत होता, नेस. गुंडाळ. दे सोडून. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला त्या हिरव्या रंगाचं वावडं नव्हतं. घरी मी हिरवी नेसते, जांभळी नेसते. आमच्यातल्या कितीक बाया टिकलीही लावतात, आभाळ कोसळत नाही. पण तिथं रंगाचा प्रश्न राहिलाच नव्हता. मी जशी घरातून निघाले होते तशी त्यांना चालत नव्हते. माझ्यावर काहीतरी पांघरूण घातलं की चालणार होते. आणि ते पांघरूण नाचाच्या पेटीतलं.

मला राग आला म्हणायला हरकत नाही. पण आधी लाज उठली. माझीच मला. इतक्या हौसेनं इस्त्री केली होती त्याची लाज. ती लाज कुणी दिली मला? मी तर घरातून निघाले तेव्हा ती सोबत नव्हती.

मी साडी खुर्चीवर ठेवली.

“न्हाय नेसणार.”

“मग आमचा नाइलाज आहे,” बाई म्हणाल्या. आणि दुसऱ्या क्षणाला त्यांनी दुसऱ्या एका मुलाला हाक मारली. त्याची आई जरीकाठाचा पदर सावरत लगबगीनं आली. तिचा काही दोष नव्हता. तिला काय घडलंय ते माहीतही नसावं. मुलगा पाटावर बसला. माईकवरून काहीतरी सांगितलं गेलं. टाळ्या पडल्या.

सुजाता माझ्या साडीचा काठ धरून उभी होती. तिला पाटावर बसायचं राहिलं याचं काही वाटलं नसावं. ती दुसरंच बघत होती.

“आई, ती माझी पाटी हाय.”

खरंच. आत आल्या आल्या तिच्याकडची पाटी मावशींनी मागून घेतली होती पूजेसाठी. लाकडी चौकटीची, कोपऱ्यांना पत्रा मारलेली. ती तिथं होती, फुलांमध्ये. त्या दुसऱ्या मुलापुढं. वहिनीसाहेब त्या मुलाचा हात धरून माझ्या पोरीच्या पाटीवर गिरवायला लागल्या होत्या.

“आई, सांग ना त्यांला. माझी हाय म्हणून.”

मी कशी चालत गेले ते मला आठवत नाही. खुर्च्यांच्या मधून गेले, माणसांनी पाय आत घेतले, एवढं आठवतं. मी वाकले आणि पाटी उचलली. वरची फुलं पाटावर सांडली. वहिनीसाहेबांच्या बोटांत पेन्सिल तशीच राहिली.

“अहो बाई!”

“पोरीची हाय,” मी म्हटलं. “तिला पायजेल.”

पाटीवर हळदीकुंकवाचा ओला लगदा होता. तो मी तिथंच पदरानं पुसला, पोरीच्या हातात स्वच्छ पाटी द्यायची म्हणून. पांढऱ्या पदरावर पिवळा-लाल फराटा उठला. मागून वहिनीसाहेबांचा आवाज आला, या वेळी थेट मला. “काय ही माणसं! पूजेवरची वस्तू उचलायची पण अक्कल नाही.” मी पोरीचा हात धरला आणि फाटकाबाहेर आले. नवरा आला नाही. तो आत थांबला, माफी मागायला.

कन्हेरी तशी लांब नाही. आम्ही दोघी चालत निघालो. सुजाता पाटी छातीशी धरून चालत होती. मग म्हणाली, “आई, आपल्यात कोण मेलं?”

“कुणी न्हाय.”

“मग त्या बाई का म्हणल्या?”

कडेला उसाची लागण चालू होती, बाया वाकून कांड्या पुरत होत्या. एकीनं वर बघून मला हटकलं, मी न ऐकल्यासारखं केलं. पाच वर्षांच्या पोरीला काय सांगणार? मी चालत राहिले आणि माझं मन सरळ निरवांगीला गेलं, माझ्या माहेरी, तिथल्या झेडपीच्या शाळेत.

कारण मला त्याच शाळेनं शिकवलं होतं. आणि त्याच शाळेनं बाहेरही बसवलं होतं. उगाच सरकारी शाळेचे गोडवे गायला मी बसलेली नाही. निरवांगीच्या त्या शाळेत आम्ही वस्तीतली पोरं उंबऱ्यापाशी बसायचो, घरून आणलेल्या पोत्यावर. गुरुजी तोंडानं वाईट नव्हते. मारायचे नाहीत. शिवी द्यायचे नाहीत. फक्त आमच्या पाटीला हात लावायचे नाहीत. बाकीच्यांची पाटी हातात घेऊन त्यावर बरोबरची खूण करायचे. आमची पाळी आली की म्हणायचे, “तिथूनच दाखव.” मी पाटी वर धरायची. ते डोळे बारीक करून बघायचे. “बरोबर आहे. कर तूच खूण.”

मग मी माझ्या पेन्सिलीनं माझ्याच पाटीवर बरोबरची खूण करायची. घरी जाऊन आईला दाखवायची. आई विचारायची, “गुरुजींनी केली का?” मी म्हणायची, “व्हय.” तिला आनंद व्हायचा. तो आनंद मोडायचं धाडस मला कधी झालं नाही.

म्हणून मला वाटलं होतं, माझी पोर तिथं नको. निदान पैसे मोजून घेतलेल्या शाळेत तरी कुणी तिची पाटी लांबून बघणार नाही. नवऱ्याच्या हट्टाला मी उगाच मान डोलावली नव्हती.

घरी आले. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. पदराचा डाग बघून त्यांनी हात थांबवला. मी सगळं सांगितलं. सुजाताला जवळ ओढलं, शेंगदाणे दिले आणि पाटी बघितली.

नवरा दुपार टळल्यावर आला. रागावलेला असेल असं मला वाटलं होतं. तो रागावलेला नव्हता. थकलेला होता. ओट्यावर बसला, चपला काढल्या नाहीत.

“बाई चांगल्या हायत,” तो म्हणाला. “पोरीची जागा ठेवलीय म्हणल्या. अशी हुशार पोरगी आमाला सोडायची न्हाय म्हणल्या. तू फकस्त एकदा जाऊन वहिनीसाहेबांना चुकलं म्हण. आन् हितनं पुढं शाळेतल्या कार्यक्रमाला मी जात जाईन.”

“म्हंजी मी जायचं न्हाय?”

“गरज काय हाय?”

“पोरगी पायजे त्यांला. तिची आय नगं.”

“तू सोड ना गं ते!” तो ओरडला. मग एकदम आवाज खाली आला. “मी खांबावर चढतो. खाली साहेब उभा असतो. इंग्रजीत बोलतो दुसऱ्या साहेबाशी आन् दोघं हसतात. माझ्यावर हसतात का दुसऱ्या कशावर, मला आजपतूर कळलं न्हाय. वर खांबावर बसून मी इचार करतो, माझ्या पोरीला कळलं पायजे. बास. एवढंच मागतोय मी. तुझी साडी मोठी का पोरीचं आयुष्य मोठं?”

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. अजूनही म्हणत नाही. त्याच्या त्या प्रश्नाला मला त्या दिवशी उत्तर देता आलं नसतं. माझा जीव तुटत होता. एका बाजूला चकचकीत शाळा, इंग्रजी, जीप, टाय. दुसऱ्या बाजूला गावची झेडपीची शाळा. दोन गुरुजी, त्यातले एक सदा तालुक्याला मीटिंगला गेलेले. चार इयत्ता एका व्हरांड्यात. बागायतदारांची पोरं जीपमधून निघून गेल्यावर तिथं उरलेली पोरं म्हणजे आमच्या वस्तीतली, रामोश्यांची, शेतमजुरांची. गावात लोक आता तिला आपली शाळा म्हणत नव्हते. ‘त्यांची शाळा’ म्हणायला लागले होते. माझी हुशार पोरगी त्या व्हरांड्यात टाकायची? एका साडीपायी?

मी रडले. सगळ्यांसमोर रडले.

तेव्हा आत्या बोलल्या. शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि लेकाकडं न बघता, माझ्याकडं बघून बोलल्या.

“मी नवी नवरी व्हते. दीक्षा घेऊन आमी समदी परत आलो. पांढरं नेसून. बाया, बापय, लेकरं, समदी पांढऱ्यात. गावच्या पारावर माणसं बसलेली. पाटलानं इचारलं, ‘का रं, कोण मेलं तुमच्यात?’ हसत इचारलं बरं का. ठावं व्हतं त्याला. माझा सासरा फुडं व्हता. कधी पाटलाफुडं मान वर केली नव्हती त्यानं. जलमभर वरडून दवंडी दिली, मेलेली ढोरं वढली, भाकरी मागितली. तो थांबला. म्हनला, ‘व्हय पाटील. मेली. म्हारकी मेली.’”

आत्यांनी पदरावर सांडलेली टरफलं झटकली.

“लय मार खाल्ला त्यानं फुडं. वस्तीचं पाणी बंद झालं. पन त्यानं साडी बदल म्हनून मला सांगितलं न्हाय.”

नवरा उठून आत गेला. आत्यांनी परत सूप पुढं ओढलं.

मला त्या क्षणी काही तेजबीज दिसलं असं नाही. पण एक गोष्ट लख्ख कळली. मोठ्या बाईंनी मला विचारलेला प्रश्न नवा नव्हता. तोच जुना प्रश्न होता, फक्त पारावरून उठून शाळेच्या पटांगणात आला होता आणि गोड आवाजात बोलायला शिकला होता. त्याला उत्तर माझ्या आजेसासऱ्यानं देऊन ठेवलं होतं. अंगठेबहाद्दर माणूस, त्यानं ते दिलं. मी दहावी शिकलेली, आणि मी कुणी न्हाय गेलं म्हणून चाचरत उभी राहिले.

आणि दुसरं कळलं ते जास्त मोलाचं. त्या इंग्रजी शाळेत मी भांडले तर त्यांच्याकडं एकच उत्तर आहे. पटत नसेल तर दाखला घेऊन जा. मालक ते. मी गिऱ्हाईक. तेही दारामागं लपवून ठेवायचं गिऱ्हाईक. माझी पोरगी तिथं शिकली असती, हुशारही झाली असती. पण शिकता शिकता अजून एक धडा तिनं गिरवला असता. आईला घरी ठेवायचं. आडनाव पुढं करायचं आणि घर मागं ठेवायचं. इंग्रजी कळायला लागल्यावर तिला साहेब का हसतात हे कळलं असतं. आणि एक दिवस तीही त्यांच्याबरोबर हसली असती. खांबावरच्या बापाला.

झेडपीच्या शाळेतून मला कुणी हाकलू शकत नाही. एवढंच. ती चांगली आहे म्हणून नाही. ती माझी आहे म्हणून. तिच्या भिंतीवर माझा हक्क आहे, गुरुजींच्या खडूवर माझा हक्क आहे. निरवांगीत माझ्या आईला तो ठाऊक नव्हता. मला ठाऊक आहे.

इंग्रजी शाळेचा युनिफॉर्म मी स्वतः शिवला होता, लाल चौकड्यांचा फ्रॉक. तो मी उसवला. जाड घड्या घालून, आत चिंध्या भरून, चारी बाजूंनी टीप मारली आणि एक फळा पुसायचं डस्टर केलं. नवरा बघत होता. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याला दुखलं होतं आणि मला ते दुखणं पुसता येत नव्हतं. आजही ते पुरतं गेलेलं नाही.

पुढच्या सोमवारी मी तीच पांढरी साडी नेसले. दोनदा धुतली होती. कुंकू निघालं, हळद निघाली नाही. पदरावर पिवळा फराटा तसाच. मी पदर पुढं घेतला, डाग दिसेल असा. सुजाताचा हात धरला आणि वस्तीच्या मागची पाऊलवाट सोडून मधल्या आळीतून निघाले. जीप उभी होती. टाय लावलेली पोरं चढत होती. त्यांच्या आया दारात होत्या. माझ्याकडून ब्लाऊज शिवून नेणाऱ्या एकीनं विचारलं, “का गं, पांढऱ्यात कुठं? कुनाचं काय झालं?”

“शाळंत निघालो,” मी म्हटलं. “आमच्यात शाळंत जाताना नेसत्यात.”

जीप धुरळा उडवत निघून गेली.

शाळेत दोन गुरुजींपैकी एक होते. पोरांना पाढे म्हणायला लावून खुर्चीत बसले होते. मला ओळखत होते. बारामतीचा प्रकार त्यांच्यापर्यंत आधीच आला होता, गावात काय लपतं?

“उगं पोरीचं नुकसान केलं, ताई,” ते म्हणाले. “तुमच्या लोकांचं हे असंच. डोकं लगीच तापतं.”

इथंही होतंच ते. मी कुठं म्हणत होते की इथं नसेल?

“तापलंय म्हणूनच आले, गुरुजी,” मी म्हटलं. “नाव घाला. आन् हे घ्या.” मी डस्टर टेबलावर ठेवलं. इतके दिवस ते फळा पोत्याच्या तुकड्यानं पुसत होते.

सुजाता उंबऱ्यापाशी थांबली होती. तिथं पाच-सहा पोरं बसली होती, आमच्याच वस्तीतली. कुणी बसवली होती की आपसूक बसली होती, कोण जाणे. मी तिला पुढं नेलं आणि पहिल्या रांगेत, फळ्यासमोर बसवलं. मग मागं वळून त्या पोरांना म्हटलं, “चला रं, फुडं सरका. ऊन येतंय तिथं.” ती सरकली. गुरुजी बघत राहिले.

सुजातानं पाटीवर फळ्यावरचं सगळं उतरवून काढलं. मान वर केली, पाटी दोन्ही हातांनी धरली.

“गुरुजी, झालं.”

गुरुजींनी खुर्चीतूनच डोळे बारीक करून पाहिलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “कर तूच खूण.”

ते कंटाळ्यानं म्हणाले, का आणखी कशानं, मला ठाऊक नाही. कदाचित ते सगळ्याच पोरांना तसं म्हणत असतील. हे असं मनाशी जुळवत बसायचं, समोरच्याला सवलत देत राहायचं, हेच मी जन्मभर केलं होतं आणि माझ्या आईनंही केलं होतं. सुजातानं पेन्सिल उचलली होती.

“थांब,” मी तिला म्हटलं. मग गुरुजींना. “तुमी करा गुरुजी.”

“अहो, बरोबर हाय की. मी सांगितलं ना.”

“हातात घिऊन करा.”

पाढे थांबले होते. सगळी पोरं माझ्याकडं आणि त्यांच्याकडं बघत होती. गुरुजी हसले, त्या हसण्यात चीड होती. ते बसून राहिले. मी उभी राहिले. मला कसलीही घाई नव्हती. मशीनवरचं काम घरी पडलं होतं, ते पडू दे.

शेवटी खुर्ची सरकली. गुरुजी उठले, आले, पोरीच्या हातातून पाटी घेतली. खडूनं खूण केली आणि पाटी परत दिली.

“झालं का समाधान?” त्यांनी विचारलं.

“न्हाय,” मी म्हटलं. “उद्या परत येते. रोज येणार. जीपमधल्या पोरांना जे जे शिकवत्यात ते समदं हिला यायला पायजे. हिला आन् ह्या समद्यांला. न्हाय आलं तर मी दारात उभी हाय. ह्याच साडीत.”